जिल्हा होईस्तोवर

मी डूख धरते. आमच्या घरात हा गुण फक्त माझ्यात आहे. आई विसरून जाते, मोठी बहीण हसून सोडून देते, आणि मग त्या दोघींच्या वाट्याचंही मलाच लक्षात ठेवावं लागतं. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी आमच्या घरमालकाचं उट्टं काढलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, उलट आठवलं की जेवण चांगलं जातं.

आम्ही उदगीरला भाड्यानं राहायचो. वडील लवकर गेले होते. आई एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. मालकांचं घर रस्त्याच्या तोंडाशी, आणि त्याच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. एकीत आम्ही तिघी, दुसरीत एक शिंपी आणि त्याचं बिऱ्हाड, तिसरीत दवाखान्यात काम करणाऱ्या एक नर्सबाई. मालकांचं बाजारात नळाच्या सामानाचं दुकान होतं: तोट्या, पाईप, टाक्या, कुलपं. दुकानाच्या पाटीवर त्यांचा मोबाईल नंबर दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या आकड्यांत रंगवलेला होता. घरात दुसरा नंबर त्यांनी होऊच दिला नव्हता. बायकोला फोन नाही, कुणाला काही काम असलं तर पाटीवरचा नंबर. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ होता.

मालकांना एकच ध्यास होता, तो म्हणजे जिल्हा. उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडे दर सव्वीस जानेवारीच्या आणि दर पंधरा ऑगस्टच्या आधी उगवते, आणि झेंडा उतरवला की तिच्यासोबत उतरते. बाकीचं गाव दोन दिवस चर्चा करून आपल्या कामाला लागायचं. मालक मात्र बांधकामाला लागायचे. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्यांना जागा लागणार, आणि ती जागा आपली असणार, असं त्यांचं पक्कं होतं. एकाच घराचे त्यांनी चार घर नंबर काढून घेतले होते, म्हणजे चार कचेऱ्यांना वेगवेगळं भाड्यानं देता येईल. वरच्या मजल्यावर कुठली कचेरी आणि खाली कुठली हेसुद्धा ठरलेलं. पुढच्या दारावर कचेरीची पाटी लावायला लोखंडी चौकट आधीच ठोकून ठेवली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं शिंपी त्या चौकटीकडे बघून म्हणायचा. पण हळू म्हणायचा, कारण त्याला त्याच घरात राहायचं होतं.

त्या वर्षी फाल्गुनातच विहिरी तळाला गेल्या होत्या. नळाला महिन्यात कधीतरी पाणी यायचं. मालकांच्या बोअरला मात्र धार होती, करंगळीएवढी का असेना. त्यांची टाकी भरली की आम्हा भाडेकरूंना दोन-दोन हंडे मिळायचे, तेही मालकीणबाई दारात उभ्या राहून मोजून द्यायच्या. आणि अशा उन्हाळ्यात मालकांनी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला.

त्याच दिवसांत बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. बिलोलीकडचे. मुलगा शिक्षक होता, घर चांगलं होतं, आणि मुख्य म्हणजे बहिणीला त्याचा फोटो आवडला होता, जे तिनं कबूल केलं नव्हतं पण मला दिसत होतं. आईनं आधीपासून हंड्यातलं वाचवून वाचवून एक ड्रम भरून ठेवला होता. वर फडकं बांधलं होतं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा, मग बाकी सगळं. चहा नसला तरी चालतं, पाणी नसलेलं चालत नाही.

पाहुणे यायच्या सकाळी आई शाळेत आणि आम्ही दोघी बाजारात होतो. परत आलो तर ड्रमवरचं फडकं खाली पडलेलं आणि ड्रम रिकामा. मालकांनी गवंड्याला सांगून आमचं पाणी वरच्या स्लॅबला मारलं होतं. आई आली, तिनं ड्रममध्ये वाकून बघितलं आणि मालकांकडे गेली. मालक म्हणाले, "स्लॅब तडकला असता की. तुमचं काय, पुन्हा भरा."

पुन्हा भरायला वेळ कुठं होता? पाहुण्यांची जीप गल्लीत शिरली होती. उन्हातून आलेली माणसं, घसे वाळलेले. बसली आणि पाण्याची वाट बघायला लागली. बहीण नवी साडी नेसून, रिकामा तांब्या घेऊन, मागच्या दारानं मालकांच्या अंगणात गेली. मालक गच्चीवर उभे होते. खालून तिनं हळू आवाजात विचारलं. मालक वरूनच बोलले, आणि आमच्या खोलीत बसलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले.

"घरात पाणी न्हाई तर पाव्हणे कशाला बोलवायचे? उद्या लग्न काढाल आन मांडव माझ्या बोअरवर टाकाल."

बहीण तो तांब्या तसाच घेऊन परत आली. शिंप्याच्या बायकोनं आपल्या हंड्यातलं थोडं दिलं, पण तोवर पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं होतं. मुलाच्या मामानं जाता जाता हसत विचारलं, "इथं असंच असतंय का रोज?" पुढं काही दिवसांनी निरोप आला की पोराचं एवढ्यात करायचं नाही. बहिणीनं तो निरोप ऐकला, तांब्या घासला आणि पालथा घालून ठेवला. मी त्या रात्री जेवले नाही आणि मालकांना आयुष्यभरासाठी माझ्या हिशेबात घेतलं.

त्यावर कडी म्हणजे, त्याच आठवड्यात मालक आमच्या तिन्ही खोल्यांच्या दारात येऊन सांगून गेले: उन्हाळा संपायच्या आत खोल्या खाली करा, जिल्हा होऊन राहिलाय, कचेरीला जागा लागेल. आईनं विचारलं, ऐन दुष्काळात कुठं जावं? त्यावर ते म्हणाले, "ते तुम्ही बघा." खरंच कुठं जावं हा प्रश्न होता. गावात कुणी नवा भाडेकरू घ्यायला तयार नव्हतं, कारण नवा भाडेकरू म्हणजे नवे हंडे.

मी तेव्हा कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून काम शोधत होते. टँकरच्या पाळ्या लावायचं काम एका खाजगी एजन्सीला मिळालं होतं आणि त्यांना स्क्रिप्ट लिहिणारं कुणीतरी हवं होतं. मी गेले. आमचे साहेब नांदेडचे, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांना प्रोग्रामिंग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त यायचं, पण वेळ नव्हता, म्हणून ते मला सांगायचे आणि मी लिहायची.

काम असं होतं. माणसांनी घरोघर फिरून जमवलेली माहिती एका फाईलमधून माझ्याकडे यायची. माझी स्क्रिप्ट ती वाचून प्रत्येक गल्लीचा एक ॲरे करायची. ॲरे म्हणजे त्या गल्लीतली सगळी घरं एकाखाली एक मांडलेली, प्रत्येक घराची एक ओळ, ओळीत घर नंबर, नाव आणि मोबाईल. हे ॲरे डेटाबेसच्या टेबलात भरायचे. टेबलात जे घर गेलं त्याच्या मोबाईलवर पाळीचा मेसेज जायचा: उद्या टँकर, भांडी तयार ठेवा. दर फेरीला टेबल रिकामं करायचं आणि पुन्हा भरायचं, कारण घरं सारखी बदलायची. कुणी गाव सोडून पुण्याला जायचं, कुणी हैदराबादला.

आधी मी सगळे लिहितात तसंच लिहिलं. लूप फिरवायचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा: एक घर उचलायचं, इन्सर्टच्या हुकमानं टेबलात टाकायचं, मग दुसरं उचलायचं. एकेक तांब्या आणून रांजण भरावा तसं ते काम. त्यात आमच्याकडची वीज. अर्धी गल्ली आत गेलेली असायची आणि लाईट जायची. परत आली की कोण आत आहे आणि कोण बाहेर हे शोधत बसायचं. तोवर अर्ध्या गल्लीला मेसेज गेलेले आणि उरलेली अर्धी गल्ली आमच्या दारात भांडायला उभी.

साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "एकेक कशाला घालते? आख्खा ॲरे एकाच इन्सर्टमध्ये दे. गेली तर सगळी गल्ली जाईल, न्हाई गेली तर कुणीच जाणार न्हाई. अर्धवट गेलेलं लई बेकार."

मी तसं केलं. एका इन्सर्टच्या मागं सगळ्या घरांची लांबलचक माळ, आणि एका दमात आख्खी गल्ली आत. ज्या कामाला दुपार जायची ते चहा निवायच्या आत व्हायला लागलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी घरी जाऊन आईला ते समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी एकानं घाण केली तर सगळ्यांचं अडतंय." मी म्हणाले, हो, तसंच. त्या वेळी मी पुढचा विचार केला नव्हता.

आमची गल्ली ॲरेत आली तेव्हा मी साहजिकच आधी आमचं घर बघितलं. मालकांच्या घराच्या चार ओळी होत्या. एक त्यांच्या नावानं, एक बायकोच्या, एकेक दोन्ही मुलांच्या. मुलं तर केव्हाच हैदराबादला होती. आणि चारही ओळींत मोबाईल एकच, पाटीवरचा. चारही पाळ्यांचा मेसेज आपल्याच खिशात वाजला पाहिजे, बायको-पोरांच्या हातात काही जाता कामा नये, हा त्यांचा स्वभाव. आमचा, शिंप्याचा आणि नर्सबाईंचा कुठं पत्ताच नव्हता. माहिती घ्यायला आलेल्या माणसाला मालकांनी लिहून दिलं होतं की मागं कुणी राहत नाही, खोल्या मोकळ्या आहेत. भाडेकरूची नोंद झाली तर उद्या उठवताना अडचण येईल, ही त्यामागची भीती. मालकानं कबूल केल्याशिवाय भाडेकरू लिहून घ्यायचा नाही असा नियम होता.

मालक चार पाळ्या घेतात हे गल्लीला ठाऊक नव्हतं असं नाही. टँकरचा पाईप त्यांच्या टाकीत किती वेळ राहतो हे सगळ्या बायका बघत होत्या. पण अडीनडीला त्यांच्याच बोअरवर जावं लागायचं, त्यामुळं कुणी तोंड उघडत नव्हतं. आमची ओळ मला स्वतःच्या हातानं गुपचूप घालता आली असती. पण चोरून घातलेली ओळ दुसरा कुणी तितक्याच चोरून काढू शकतो, आणि मला मालकांकडून चोरून काही नको होतं. मला ते सगळ्यांसमोर हवं होतं.

संधी साहेबांनीच आणून दिली. काही घरं दोन-दोनदा पाळी घेतात अशी तक्रार आली होती. साहेब म्हणाले, "एका मोबाईलला एकच पाळी. टेबललाच तसा नियम घाल." मी मोबाईलच्या रकान्यावर नियम बसवला: तोच नंबर दुसऱ्यांदा आला की टेबल घेणार नाही. आता प्रश्न एवढाच होता की असा नंबर आला की पुढं काय करायचं. दोन वाटा होत्या. इन्सर्टच्या पुढं 'इग्नोर' एवढा एक शब्द लिहिला की डेटाबेस दुसऱ्यांदा आलेली ओळ गुपचूप गाळतो आणि बाकीच्यांना आत घेतो. तो शब्द नसला की एका ओळीपायी आख्खी गल्ली दारातून परत येते आणि कुठल्या नंबरामुळं अडलं ते स्क्रीनवर उमटतं.

इग्नोर लिहिला असता तर मालकांची एक पाळी राहिली असती आणि तीन निमूट गळाल्या असत्या. ते एजन्सीत आले असते, कुणाच्या तरी ओळखीनं पुन्हा चढवून घेतल्या असत्या, आणि गल्लीला काही कळलंही नसतं. मी साहेबांना विचारलं, "कुणाचं दोनदा आलं तर गाळू का थांबवू?" साहेब दुसऱ्याच कशात तरी गुंतले होते. म्हणाले, "थांबव. आन कुठं थांबलं ते बाहेर लावून टाक, लोक आपापलं दुरुस्त करून आणतील."

मी तो शब्द लिहिला नाही. इतक्या आनंदानं मी आयुष्यात काही न लिहिलेलं नाही. स्क्रिप्ट चालवली. एकेक गल्ली आत गेली, आमची परत आली, आणि स्क्रीनवर मालकांचा नंबर उमटला. मी तो कागद छापला आणि एजन्सीच्या बाहेरच्या फळ्यावर डोळ्यांच्या उंचीवर लावला. वर लिहिलं: ही गल्ली अडली आहे, एकच नंबर चार घरांवर आहे. खाली तो नंबर. नाव लिहायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्ल्यांत टँकर आले, आमच्यात आला नाही. हे होणार हे मला माहीत होतं. आमच्या समोरच्या म्हाताऱ्या आजी सकाळी हंडा घेऊन बसल्या होत्या, त्यांना मी आमच्यातलं पाणी नेऊन दिलं आणि पुढं गेले.

आमच्याकडे टँकरची रांग माणसांची नसते, भांड्यांची असते. टँकर जिथं थांबतो तिथं आदल्या दिवशीच हंडे मांडतात. ज्याच्याकडे जास्तीचं भांडं नाही तो दगड ठेवतो, फुटका डबा ठेवतो, तुटकी चप्पल ठेवतो. चप्पल ठेवली तरी तो त्या माणसाचा नंबर असतो, आणि दुसऱ्याचा नंबर हलवायचा नाही हा नियम कुणी मोडत नाही. त्या दिवशी कुणीतरी फळा वाचून आलं आणि बायकांनी रांग उचलली. भांडण नाही, शिवीगाळ नाही. हंडे, डबे, दगड आणि त्या तुटक्या चपला, सगळं त्याच क्रमानं नेऊन मालकांच्या दारापुढं मांडलं आणि सगळ्या आपापल्या घरात जाऊन बसल्या.

मालकांनी दार उघडलं तेव्हा उंबऱ्याला लागून पहिला हंडा होता आणि शेवटचा दगड गल्लीच्या टोकाला. हलवायचं तर नियम मोडायचा. ते धोतराचा सोगा सावरत, हंड्यांमधून पाय टाकत टाकत बाहेर पडले. हे मला शिंप्यानं नंतर सांगितलं, आणि मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

ते तडक एजन्सीत आले. मला बघून थबकले. मी मागच्या खोलीतली पोर इथं खुर्चीवर बसते हे त्यांना त्याआधी कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"माझी गल्ली का अडवून धरली?"

"मी न्हाई अडवली, मालक. तुमचा नंबर चार घरांवर हाय. टेबल घेत न्हाई."

"मग एक घाल आन बाकीचे सोड की."

"सोडता येत न्हाई. गेली तर आख्खी गल्लीच जाते."

सोडता येत होतं, एका शब्दाचं काम होतं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना ते माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हेही माहीत होतं. मग चष्मा सरळ करून ते मालकांना म्हणाले, "तीन घरं रिकामी म्हणून लिहू का?"

मालक दचकले. "रिकामी नका लिहू. रिकामी कशी?" ते चार घर नंबर म्हणजे त्यांच्या चार कचेऱ्या होत्या. एकदा कागदावर घर रिकामं पडलं की नंबर हातचा जातो अशी त्यांची समजूत होती.

"मग तिथं राहणाऱ्यांचे नंबर द्या."

मालकांनी थोरल्या मुलाचा नंबर सांगितला. साहेबांनी तो तिथंच लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून आवाज आला, "कसलं पाणी? मी हैदराबादला हाय की." साहेबांनी शांतपणे फोन ठेवला. "इथं कोण राहतं, ते सांगा."

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या खोल्यांत राहतेत."

"मागं कुणी राहत न्हाई असं तुम्हीच लिहून दिलंय," मी म्हणाले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मी तोंड उघडायची वाट बघत बसले. मला काही घाई नव्हती.

"राहतेत," ते अखेर म्हणाले. "तिघं राहतेत. भाडेकरू हायेत."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि सही घेतली. मालक जरा मोकळे होऊन मला म्हणाले, "मग तुझाच नंबर टाक की. झालं."

"माझा नंबर इथल्या कामाला लावलाय, तो चालत न्हाई. घरात फोन आईचा हाय. आईला विचारा."

मी त्यांच्या मागोमाग घरी गेले. हे चुकवणं मला शक्यच नव्हतं. मालक पुन्हा त्या हंड्यांच्या रांगेतून वाट काढत आले, आणि या वेळी गल्ली दारादारात उभी होती. शिंप्याचा आणि नर्सबाईंचा नंबर लगेच मिळाला. मग ते आमच्या उंबऱ्यापाशी आले. इतक्या वर्षांत त्यांनी आईला कधी नावानं किंवा नात्यानं हाक मारली नव्हती. "ए मागच्या खोलीवाली" एवढंच.

"अक्का," मालक म्हणाले, "तुमचा नंबर पायजे होता."

आईनं त्यांना आत बोलावलं, सतरंजीवर बसवलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि वाट बघत होते की आई आता तरी काही बोलेल. आईनं बहिणीला खूण केली. बहीण आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. तोच तांब्या. त्या दिवशी आमच्या घरात सगळं मिळून एक हंडा पाणी होतं, त्यातला तो. मला इतका राग आला की मी बाहेर निघून जाणार होते.

"घ्या," आई म्हणाली. "कुणीबी आलं तरी आधी पाणी द्यायची रीत हाय आमच्यात."

ती आवाज न चढवता बोलली, पण दार उघडं होतं आणि गल्ली ऐकत होती. मालकांनी तांब्या हातात घेतला. बहीण समोरच उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि पाणी प्यायले. उन्हातून दोन खेपा घातल्या होत्या, तहान लागली असणारच. सगळा तांब्या संपवला.

"नंबर देते की," आई म्हणाली. "पण मालक, तुम्ही खोली खाली करा म्हणून सांगितलंय. आम्ही इथं राहणारच न्हाई तर नंबर देऊन काय करायचं?"

"ते जिल्हा होऊन राहिलाय म्हणून म्हणालतो."

"हाव. मग ज्या दिवशी जिल्हा होईल त्याच दिवशी खाली करते. मी सामान बांधूनच ठेवते. पण जिल्हा होईस्तोवर ती भाषा काढायची न्हाई."

मालकांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. शिंपी दारातून म्हणाला, "त्यात काय एवढं? मालकच सांगतेत की येत्या पंधरा ऑगस्टला पक्कं हाय. दोन महिन्यांचा तर सवाल."

आता मालकांची पंचाईत मी तुम्हाला काय सांगू. नाही म्हणावं तर जिल्हा होणार नाही असं स्वतःच्या तोंडानं आख्ख्या गल्लीसमोर कबूल करायचं. त्या भरवशावर तर त्यांनी स्लॅब टाकला होता. त्यांनी दाराबाहेर जमलेल्यांकडे बघितलं, वर आपल्या नव्या मजल्याकडे बघितलं.

"हाव," ते म्हणाले. "जिल्हा होईस्तोवर राहा."

"आमालाबी तेच," शिंपी म्हणाला. नर्सबाईंनी मान हलवली. मालक म्हणाले, तुम्हालाबी तेच.

आईनं बहिणीला नंबर सांगायला लावला. मालकांनी एकेक आकडा आपल्या फोनवर दाबून घेतला आणि मी तिन्ही नंबर घेऊन एजन्सीत परत गेले. ॲरेतल्या तीन ओळी बदलल्या, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आख्खी गल्ली एका दमात आत गेली. दुसऱ्या दिवशी टँकर आला. बायकांनी मालकांच्या दारापुढची रांग त्याच क्रमानं उचलून परत जागेवर नेली होती. आईच्या फोनवर मेसेज आला तेव्हा तिनं तो बहिणीकडून दोनदा वाचून घेतला. त्यात तिचं नाव होतं आणि पुढं घर नंबर होता.

मी ठरवलं होतं ते फक्त मालकांची फजिती करायचं. खोलीचं माझ्या डोक्यातही नव्हतं. ते आईनं ऐन वेळी काढलं की आधीपासून मनात धरून ठेवलं होतं, हे मी तिला अनेकदा विचारलं. ती म्हणते, सुचलं ते बोलले. आई सगळं विसरते असं मी सुरुवातीला म्हणाले, पण त्याची आता मला तितकी खात्री नाही.

उदगीर जिल्हा अजून झालेला नाही. दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला बातमी उगवते. आख्खं गाव होवो म्हणतं आणि आमच्या मागच्या तीन खोल्या मनातल्या मनात नको म्हणतात. आई अजून तिथंच राहते. वरच्या मजल्यावर पारवे राहतात, आणि दारावरची लोखंडी चौकट तशीच रिकामी आहे, गंजून गेली आहे. बहिणीचं लग्न पुढं रेणापूरला झालं, चांगलं झालं, आणि तिला त्या बिलोलीच्या पोराचं नावही आठवत नाही. मला आठवतं.

मालक आता थकलेत. मालकीणबाई वारल्या, मुलं हैदराबादहून फोन करतात, येत नाहीत. संध्याकाळी ते काठी टेकत मागच्या अंगाला येतात आणि आमच्या पायरीवर बसतात. मी सुट्टीला गेलेली असले की मलाच म्हणतात, "पोरी, जरा पाणी दे गं." मी उठते. तोच तांब्या घेते, काठोकाठ भरते, आणि आत जाऊन आईच्या हातात देते. आई तो बाहेर नेऊन त्यांना देते. माझ्या हातानं मी त्यांना अजून पाणी दिलेलं नाही.